पाठीचा दम किती आणि कंबरेचा धोका किती?

कंबरदुखीविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र एका विशिष्ट चाचणीचा उल्लेख वारंवार आहे. पालथे झोपून कंबरेपासून वरचे अंग अधांतरी धरायचे, किती सेकंद धरता आले ते मोजायचे आणि त्यावरून पुढे कंबर दुखेल की नाही याचे अनुमान काढायचे, अशी ही चाचणी आहे. सांगली जिल्ह्यातील वाचकांची निवडक पत्रे येथे संक्षिप्त करून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. कारखान्यात यंत्रावर कामाला असून घरची दीड एकर द्राक्षबाग आहे, सुट्टीच्या दिवशी तिकडे राबतो. आमच्याकडे झालेल्या आरोग्य तपासणीत मला बाकावर पालथे झोपवून, पाय पट्ट्यांनी बांधून, वरचे अंग अधांतरी धरायला लावले. मी ५२ सेकंद टिकलो. तपासणाऱ्यांनी सांगितले, "तुम्ही ५८ च्या खाली आहात, वर्षभरात कंबर नक्की धरणार." मला आजवर कंबरेचा काहीच त्रास नाही, पण तेव्हापासून खताचे पोते उचलायची भीती वाटते. हे खरे मानावे का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : मानू नये. ५२ सेकंदांवरून कोणाचीही कंबर वर्षभरात "नक्की" धरेल असे सांगता येत नाही. तुम्हाला तसे सांगितले गेले याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या वाक्याने मनात बसलेली भीती त्या आकड्यापेक्षा जास्त नुकसान करू शकते. वाकायची आणि उचलायची धास्ती घेऊन जो माणूस हालचालच टाळू लागतो, त्याचे पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि उद्या साधी उसण भरली तरी ती निवळायला वेळ लागतो. तेव्हा पोते उचलणे बंद करण्याचे सध्या काहीही कारण नाही.

तरीही ही चाचणी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ती कुठून आली आणि ५८ हा आकडा कुठला, हे समजले तर तुमच्या ५२ सेकंदांना किती किंमत द्यायची ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

डेन्मार्कमधील डॉक्टर फिन बीरिंग-सोरेनसेन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे ही चाचणी जगभर पोचली आणि आज ती सोरेनसेन चाचणी याच नावाने ओळखली जाते. कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुप येथील ३०, ४०, ५० आणि ६० वर्षे वयाच्या ४४९ पुरुषांची आणि ४७९ स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि वर्षभराने कोणाकोणाची कंबर दुखली याची विचारपूस केली. तपासणीत वाकण्याची क्षमता, स्नायूंची ताकद, मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताठरपणा अशा अनेक गोष्टी मोजलेल्या होत्या आणि पाठीच्या स्नायूंचा दम ही त्यांपैकी एक होती. कंबरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची कड बाकाच्या काठाशी जुळवायची, नितंब, गुडघे आणि घोटे यांवर पट्टे आवळायचे, हात छातीवर दुमडायचे आणि वरचे अंग जमिनीला समांतर धरायचे. ते खाली झुकले की वेळ संपली, आणि कोणी टिकलाच तर २४० सेकंदांना थांबवायचे, अशी तिची पद्धत आहे. या स्थितीत पाठीच्या स्नायूंना आपल्या कमाल ताकदीच्या साधारण निम्मे बळ सतत लावून धरावे लागते. म्हणून येथे कस लागतो तो दमाचा. पन्नास किलोचे पोते एका झटक्यात उचलणारा गडीसुद्धा या बाकावर मिनिटभरात थरथरू लागतो, यात नवल नाही.

ज्या पुरुषांना त्यापूर्वी कधीच त्रास नव्हता आणि पुढच्या वर्षभरातही झाला नाही, ते सरासरी १९८ सेकंद टिकले होते. ज्यांना त्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी झाली, ते सरासरी १७६ सेकंद. फरक आहे तो २२ सेकंदांचा, आणि तोही सरासरीतला. १७६ च्या खूप खाली असूनही वर्षभर ठणठणीत राहिलेले आणि १९८ च्या वर असूनही अंथरूण धरलेले लोक दोन्ही गटांत असणारच. स्त्रियांमध्ये तर असा स्पष्ट संबंध दिसलाही नव्हता. एखाद्या गटाची सरासरी म्हणजे त्या गटातल्या प्रत्येक माणसाचे भविष्य असे समजून बोलले जाते, तिथेच घोटाळा होतो.

तुम्हाला सांगितलेला ५८ चा आकडा बहुधा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासातून आलेला असावा. त्यात कंबरदुखी नसलेल्या १२६ जणांची ही चाचणी घेऊन वर्षभर त्यांचा मागोवा घेतला गेला आणि ५८ सेकंदांपेक्षा कमी टिकलेल्यांना कंबरदुखी होण्याची शक्यता बाकीच्यांच्या तुलनेत तिपटीहून थोडी अधिक आढळली. "तिप्पट" हा शब्द कानावर पडला की माणूस हबकतो. पण मूळ शक्यता किती होती हे कळल्याशिवाय तिपटीला अर्थ नसतो. शंभरात पाच जणांना होणारे दुखणे तिप्पट झाले तर ते पंधरा जणांना होईल आणि पंच्याऐंशी जण सुटतील. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, त्या अभ्यासातले नव्हेत.) शिवाय १२६ ही संख्या फार लहान आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ साली तोवरचे असे सर्व अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा धडाच्या स्नायूंचा दम आणि पुढे होणारी कंबरदुखी यांचा संबंध नाही, याच बाजूचा पुरावा त्यांना भक्कम वाटला. म्हणजे सोरेनसेन यांच्या अभ्यासाने जी आशा दाखवली होती, ती पुढच्या अभ्यासांनी बरीचशी ओसरवली आहे, आणि हे तपासणी करणाऱ्यांनी समोरच्या माणसाला सांगायला हवे होते.

आता तुमच्या ५२ सेकंदांकडे वळू. माझा तुम्हाला प्रश्न आहे, तुम्ही थांबलात ते नेमके कशामुळे? ही चाचणी घेताना मी आकड्याइतकेच लक्ष माणसाकडे देतो. साधारण अर्ध्या मिनिटानंतर अनेकांच्या मांडीच्या मागच्या बाजूला थरथर सुरू होते, हनुवटी वर उचलली जाते, श्वास कोंडला जातो, छातीवर दुमडलेल्या हातांची बोटे दंडात रुततात. "पाठ दमली" असे म्हणत थांबणारे असतात, तसेच "मांडीला गोळा येतोय" किंवा "पट्टा टोचतोय" म्हणून थांबणारेही पुष्कळ असतात. कारण हे अंग उचलून धरताना एकटी पाठ काम करत नाही. नितंबांचे आणि मांडीच्या मागचे स्नायू तितक्याच नेटाने लागलेले असतात, आणि तेच आधी दमले तर घड्याळावरचा आकडा पाठीच्या नावावर विनाकारण चढतो. ज्याचे पोट आणि छाती भारदस्त आहे त्याला जास्त वजन पेलावे लागते. रात्रपाळी करून थेट तपासणीला आलेला माणूस लवकर सोडून देतो. भोवती सहकारी उभे राहून सेकंद मोजत असतील तर कोणी ईर्ष्येने टिकतो आणि कोणी संकोचाने आवरते घेतो. एवढ्या सगळ्या गोष्टी ज्या आकड्यात मिसळलेल्या आहेत, त्यातल्या सहा सेकंदांवर, म्हणजे ५२ आणि ५८ यांच्या फरकावर, कोणाच्या कमाईचा आणि झोपेचा प्रश्न उभा करणे मला अजिबात पटत नाही.

कंबरदुखीचा अंदाज बांधायला सर्वांत उपयोगी माहिती विचारूनच मिळते, ती म्हणजे पूर्वी कधी कंबर धरली होती का. ज्याची एकदा धरली आहे, त्याची पुन्हा धरण्याची शक्यता जास्त असते. तुमची कधीच धरलेली नाही, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. ५२ सेकंद ही आजची नोंद म्हणून वहीत लिहून ठेवा आणि दोन-अडीच महिने पुढे दिलेले व्यायाम करून, शक्यतो त्याच व्यक्तीकडून, त्याच बाकावर आणि विश्रांती झालेल्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. स्वतःची स्वतःशी अशी तुलना करण्यासाठी ही चाचणी चांगली आहे. त्या वेळी दहा-पंधरा सेकंदांचा फरक दिसला तर तो फारसा मनावर घेऊ नका. त्याहून मोठा फरक असेल तर पाठीने खरोखर दम धरला असे समजा.

प्रश्न : माझे वय ५१ असून मी बँकेत नोकरी करते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दिवसभर बसून पाठ भरून येते. मोबाइलवर ही चाचणी पाहून घरी पलंगाच्या कडेवर करावी असा विचार आहे. पाय धरायला यजमान आहेत. चालेल का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : कृपया करू नका. पलंगाची गादी दबते, कड मऊ असते, पाय धरणाऱ्याचा हात सुटला तर तोंडावर पडण्याची भीती असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्नायू एकाच स्थितीत ताणून धरताना, आणि त्यात श्वास कोंडला गेला तर विशेषच, रक्तदाब वाढतो. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, हर्निया असलेल्यांनी किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असलेल्यांनी आणि पायात कळ उतरत असलेल्यांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. तुमच्या वयात, पाळी थांबण्याच्या सुमारास, हाडांची घनता झपाट्याने कमी होऊ लागते, याचाही विचार करावा लागतो.

मोजून घ्यायचेच असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जाऊन सौम्य प्रकार करून घेता येतो. जपानमधील संशोधकांनी १९९६ साली सुचवलेल्या पद्धतीत जमिनीवर पालथे झोपून, पोटाखाली लहान उशी ठेवून, छाती जमिनीपासून थोडी वर उचलून धरायची असते; त्यात पट्टे लागत नाहीत आणि पडण्याची भीतीही नसते. मात्र रक्तदाबाची सूचना तिथेही लागू आहे, आणि सर्व वेळ श्वास मोकळा चालू ठेवायचा असतो.

तुमची पाठ भरून येते ती मात्र सेकंद मोजून कमी होणार नाही. अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठून दोन मिनिटे चालण्याने ती निश्चित कमी होऊ शकेल, आणि खिडकीवर रांग असताना उठता येत नाही ही अडचण मला माहीत असूनही मी हे लिहितो आहे. रांग ओसरल्यावर तरी उठा.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी आहे. आमच्या वर्गात ही चाचणी घेतली तेव्हा मुलींचा वेळ मुलांपेक्षा जास्त आला. मुले म्हणतात, मोजण्यात चूक झाली. खरेच चूक असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चूक असण्याचे कारण नाही. कॅनडातील प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली निरोगी तरुण-तरुणींचे वेळ प्रसिद्ध केले, त्यात या चाचणीत पुरुष सरासरी १४६ सेकंद आणि स्त्रिया १८९ सेकंद टिकल्या होत्या. स्त्रियांच्या वरच्या अंगाचे वजन तुलनेने कमी असते आणि त्यांच्या पाठीच्या स्नायूंत हळू आकुंचन पावणाऱ्या, उशिरा दमणाऱ्या तंतूंचा वाटा जास्त असतो, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. एका कुशीवर, कोपराच्या आधाराने अंग उचलून धरण्याच्या चाचणीत मात्र त्याच अभ्यासात पुरुष पुढे होते. ते दीड मिनिटाच्या किंचित वर, तर स्त्रिया सव्वा मिनिटाच्या आसपास टिकल्या होत्या. तेव्हा वर्गात दोन्ही चाचण्या घ्या, आणि मुलांचा व मुलींचा तक्ता वेगळा ठेवा.

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझा लहान कारखाना आहे. मालाची चढ-उतार करणारे कामगार कंबरदुखीमुळे वारंवार सुट्टी घेतात. नवीन भरती करताना ही चाचणी घेऊन ज्यांचा वेळ कमी येईल त्यांना न घेण्याचा विचार आहे, आणि जुन्या सर्वांना कंबरपट्टे द्यायचे आहेत. आपला सल्ला हवा. (एक उद्योजक, कुपवाड)

उत्तर : कामगारांच्या कंबरेची चिंता तुम्ही करता, हे पाहून बरे वाटले, परंतु हे दोन्ही उपाय तुम्ही करू नयेत असे मी स्पष्टपणे सांगतो.

भरतीसाठी ही चाचणी लावली तर ज्यांची कंबर कधीच दुखली नसती अशा अनेकांची भाकरी तुम्ही नाकाराल, आणि ज्यांची पुढे दुखणार आहे अशा अनेकांना कामावर घ्याल, कारण दोघांना वेगळे काढण्याइतकी धार या चाचणीला नाही. त्यातच नोकरी पणाला लागलेली असताना माणूस वेदना गिळून अंग उचलून धरतो, आणि पूर्वी कंबर धरली होती का या सर्वांत उपयोगी प्रश्नाचे उत्तर तो "नाही" असेच देतो. म्हणजे खरी माहिती मिळण्याची वाटही तुम्हीच बंद करता.

कंबरपट्ट्यांविषयी सांगायचे तर कंबरदुखी टाळण्याच्या उपायांवरील २१ अभ्यास एकत्र तपासून, ज्यांत तीस हजारांहून अधिक लोक होते, २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमित व्यायामाने कंबरदुखीचा धोका सुमारे ३५ टक्के आणि व्यायामाला माहितीची जोड दिल्यास सुमारे ४५ टक्के कमी झाल्याचे त्यात दिसले. पट्ट्यांनी किंवा बुटात घालायच्या तळव्यांनी टाळता आल्याचे दिसले नाही. पट्ट्यांसाठी काढून ठेवलेले पैसे दुसरीकडे लावावेत.

दुसरीकडे म्हणजे कामाच्या रचनेवर. अमेरिकेतील कामगार सुरक्षा संस्था नायॉश हिने १९९१ साली सुधारून दिलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे ओझे अंगाजवळ, हातांच्या सोयीच्या उंचीवर आणि अंग न पिळता उचलायचे असताना, २३ किलो ही मर्यादा धरली जाते. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोची असते, आणि ती जमिनीवरून उचलून, वळून, गाडीत टाकायची असते. या दोन आकड्यांमधला फरक कोणत्याही कामगाराच्या पाठीचा दम वाढवून भरून निघणार नाही. माल जमिनीऐवजी मांडीच्या उंचीच्या फळीवर ठेवणे, हातगाडी देणे, जड नग दोघांनी उचलण्याची शिस्त लावणे, पुरवठादाराकडे २५ किलोचे पॅकिंग मागणे, आणि सलग चढ-उतारीत तासाला काही मिनिटांची उसंत देणे, हे एका लहान कारखान्याला परवडणारे उपाय आहेत. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांच्या रोजगाराचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्या राज्यात ओझे वाहणाऱ्यांचा असा विचार झाला, तिथे कंबर दुखेल म्हणून माणूसच नको, ही सुरुवात होऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चाचणी वापरायचीच असेल तर आधीच कामावर असलेल्यांसाठी, त्यांच्या राजीने आणि आकडा त्यांच्यापाशीच ठेवून वापरा. व्यायाम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर मोजून आपली प्रगती पाहिली की माणसाला हुरूप येतो, एवढा तिचा उपयोग नक्की आहे.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून तंतुवाद्ये घडवण्याचे काम करतो. दिवसभर मांडीवर भोपळा घेऊन वाकून बसावे लागते. एका शिबिरात मी या चाचणीत दोन मिनिटांच्या वर टिकलो, तेव्हा सर्वांनी कौतुक केले. पण दोन महिन्यांपासून पाठीत एका ठिकाणी दुखते, रात्री जाग येते, संध्याकाळी अंगात कणकण असते आणि वजनही उतरले आहे. पाठीचा दम चांगला असल्याने मी दुर्लक्ष केले. ते योग्य आहे ना? (एक वाचक, मिरज)

उत्तर : योग्य नाही. तुम्हाला हे उत्तर टपालाने आधीच कळवले आहे. इतरांसाठी येथे छापत आहोत.

स्नायूंचा दम चांगला असणे आणि मणक्यात आजार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री झोपमोड करणारे, विश्रांतीनेही न थांबणारे आणि एकाच जागी दुखणारे दुखणे, सोबत बारीक ताप आणि उतरते वजन, अशी लक्षणे असतील तर मणक्याचा क्षयरोग, अन्य जंतुसंसर्ग किंवा गाठ यांची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. मिरजेत मणक्याचे तज्ज्ञ सहज उपलब्ध आहेत; याच आठवड्यात जा, आणि तोवर कोणताही व्यायाम, मालिश किंवा कंबर "बसवून" घेणे करू नका. मणक्याचा क्षयरोग वेळेत सापडला तर बहुतेकांना तो औषधांनी बरा होतो.

याच प्रसंगी सर्व वाचकांना सांगतो की लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही कंबरदुखीबरोबर दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वयस्कर माणूस पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी आणि पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी कंबरदुखी यांनाही हेच लागू आहे. बहुसंख्य कंबरदुखीत असे काहीही नसते आणि ती आपोआप निवळते. म्हणूनच ही थोडी लक्षणे पाठ असणे गरजेचे आहे.

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून बेदाण्याच्या शेडवर आणि हंगामात बागेत विरळणीला जाते. गेल्या वर्षी दोनदा कंबर धरली होती, आता बरी आहे. पाठीचा दम वाढवण्यासाठी घरी काय करता येईल? जिमला जाणे शक्य नाही. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : जिमची गरज नाही, सतरंजी पुरेशी आहे. तुमची दोनदा कंबर धरलेली असल्यामुळे सुरुवात सौम्य प्रकाराने करू.

पहिला व्यायाम हात आणि गुडघे टेकून, रांगण्याच्या स्थितीत करायचा आहे. पाठ सपाट ठेवून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या रेषेत येतील इतकेच उचलायचे, श्वास चालू ठेवून आठ-दहा सेकंद धरायचे, खाली आणायचे आणि मग दुसरी बाजू. पाय पाठीपेक्षा वर गेला की कंबरेत खड्डा पडतो आणि तिथेच कळ येते. घरातल्या कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा जमू लागले की धरण्याचा वेळ न वाढवता आवर्तने वाढवावीत, कारण एकाच दमात फार वेळ ताणून धरलेल्या स्नायूंतला रक्तपुरवठा दबतो आणि ते लवकर दुखू लागतात. दुसरा व्यायाम कुशीवर झोपून, कोपर आणि गुडघा टेकून कंबर वर उचलण्याचा. तिसरा, उताणे झोपून गुडघे दुमडून नितंब वर उचलण्याचा, ज्याला योगवर्गात सेतुबंधासन म्हणतात. सोरेनसेन चाचणीला सर्वांत जवळचे आसन शलभासन. परंतु ते पहिल्या महिन्यात नको, आणि नंतरही प्रथम एकेक पाय उचलूनच करावे. हे सर्व मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे, आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे. दम वाढल्याचे जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

सकाळी उठल्या उठल्या मात्र हे व्यायाम आणि खोल वाकण्याची कामे करू नका. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्यांनी पाणी शोषून घेतलेले असते आणि त्या टणक फुगलेल्या असतात. पूर्ण वाकताना त्यांच्यावर आणि अस्थिबंधांवर ताण जास्त येतो. उठून तासाभराने, घरातली हिंडती-फिरती कामे झाल्यावर व्यायाम करा. शेडवर बेदाणा निवडताना सलग बसून राहिलात तर उठल्याबरोबर लगेच क्रेट उचलू नका. आधी उभे राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून हलकेच मागे वाका, चार पावले चाला आणि मग उचला. पूर्ण वाकलेल्या स्थितीत पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. ते ताणले गेले की पूर्वस्थितीला यायला त्यांना थोडा वेळ हवा असतो.

याच्या जोडीला चालणे ठेवा. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि सोबत माहिती दिली, त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंतचा मध्यवर्ती काळ २०८ दिवस होता. ज्यांना काही दिले नाही त्यांचा ११२ दिवस. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचणे हे त्यातले उद्दिष्ट होते आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. बागेतल्या दोन ओळींमध्ये दिवसभर होणारी पावले यात धरू नका; ते थांबत थांबत, मान वर करून केलेले चालणे असते. हात मोकळे सोडून, एका लयीत, डोक्यावर किंवा कडेवर ओझे न घेता चाललेला अर्धा तास वेगळा काढा. विरळणीच्या दिवसांत तो निघणार नाही, हे मी जाणतो. त्या दिवसांत दहा मिनिटे चाला आणि काम संपले की पुन्हा अर्ध्या तासावर या. व्यायाम करताना कंबरेत थोडी ओढ जाणवली तर चालेल, पण कळ गुडघ्याखाली उतरू लागली तर त्याच दिवशी थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवा.